देवाच्या घराची झाडलोट कोणी करायची?

या वेळचे पत्र कोल्हापुरातील एका शिक्षिका भगिनीचे आहे. त्यांचे आणि त्यांच्या मंडळीचे नाव न देता पत्राचा गाभा त्यांच्याच शब्दांत देतो.

"आमच्या घराण्यात ख्रिस्ती विश्वासाची ही चौथी पिढी. ज्या मंडळीत माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला, तिथेच माझा झाला. गेल्या काही वर्षांत मंडळीत दोन गट पडले आहेत. मिळकतीचा वाद कोर्टात आहे. तीन वर्षे वार्षिक सभेपुढे हिशेब वाचला गेलेला नाही. कमिटीच्या निवडणुकीत मतांसाठी लोक कोणत्या थराला जातात, हे लिहायचीही लाज वाटते. दरवर्षी संजीवन सभा, म्हणजे आत्मिक जागृतीच्या सभा, होतात, लोक रडतात, पुढे येऊन गुडघे टेकतात, आणि पुढच्या रविवारी तेच गट वेगवेगळ्या बाकांवर बसतात. माझ्या जाऊबाई दुसऱ्या गटात आहेत. दोन नाताळ झाले, आमचे बोलणे नाही. माझ्या मुलाने उपासनेला येणे सोडले. तो म्हणतो, 'तुमच्या चर्चपेक्षा आमच्या तालमीत जास्त प्रामाणिकपणा आहे.' उपनगरात भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एका फेलोशिपचे लोक 'तुमची मंडळी मेलेली आहे, बाहेर पडा' असे सांगतात. सासूबाई म्हणतात, 'झाकली मूठ सव्वा लाखाची, आपल्या लोकांची अब्रू आपणच चव्हाट्यावर मांडू नये.' आता संजीवन सभेआधीची महिलांची प्रार्थना चालवायला मला सांगितले आहे. मी मंडळी सोडावी का? आणि शुद्धीकरणाविषयी बोलण्याचा मला अधिकार तरी काय?"

प्रिय भगिनी,

ख्रिस्तामध्ये सलाम.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे वाचताना मन टांगणीला लागणार नाही. आज मंडळी सोडू नका. पुढे कधी सोडावी लागलीच, तर ती कोणत्या परिस्थितीत, हेही मी लिहिणार आहे. पण तुम्ही कळवलेल्या गोष्टींपैकी एकही अशी नाही की जिच्यामुळे आजच उठून निघून जाणे हे तुमचे कर्तव्य ठरावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांब आहे, कारण त्यात एक समजूत दडलेली आहे आणि ती आपल्या बहुतेकांची आहे. शुद्धीकरणाची गरज फक्त बिघडलेल्या मंडळीला पडते, चांगल्या मंडळीला ती नसते, आणि ज्याचे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत त्याने हा विषयच काढू नये, असे आपण धरून चालतो. पवित्र शास्त्र मात्र असे धरून चालत नाही.

प्रकटीकरणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायांत आशिया प्रांतातील, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील, सात मंडळ्यांना पत्रे आहेत. ती लिहिली गेली तेव्हा प्रभूच्या पुनरुत्थानाला शंभर वर्षेही झालेली नव्हती. तरीही सातांपैकी पाच मंडळ्यांना पश्चात्ताप करण्याची स्पष्ट आज्ञा आहे. केवळ स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोघींना ती नाही. यांतली इफिसची मंडळी मला नेहमी अस्वस्थ करते. पौलाने तिथे तीन वर्षे रात्रंदिवस अश्रू गाळून शिकवले होते. ती मंडळी कष्टाळू होती, खोट्या प्रेषितांना पारखून बाजूला सारणारी होती, प्रभूच्या नावासाठी सोसणारी होती. आणि तरीही तिने आपली पहिली प्रीती सोडली म्हणून तिची समई जागेवरून काढून टाकण्याचा इशारा तिला मिळाला. लावदिकीयाच्या पत्रातले एक वचन तर आपण भलत्याच ठिकाणी वापरतो. 'पाहा, मी दाराशी उभा आहे' हे शब्द आपल्याकडे सुवार्तेच्या सभांमध्ये, प्रभूला अजून न ओळखणाऱ्यांसाठी उच्चारले जातात. मुळात ते एका मंडळीला लिहिलेले आहेत. 'मी श्रीमंत आहे, मला कशाचीही उणीव नाही' असे म्हणणारे लोक आत बसले आहेत आणि ज्याच्या नावाने ते जमले आहेत तो दाराबाहेर उभा राहून दार ठोठावतो आहे. पुढच्या संजीवन सभेत कोणी हे वचन वाचलेच, तर ते आपल्या मंडळीला उद्देशून वाचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता जुन्या करारातील एक कथा, कारण तुम्ही चौथ्या पिढीच्या आहात आणि ही कथा चार पिढ्यांची आहे. यहूदाच्या आहाज राजाने यरुशलेमच्या मंदिराची दारे बंद केली होती. त्याचा मुलगा हिज्कीया गादीवर आला आणि त्याने पहिल्याच वर्षाच्या पहिल्या महिन्यात ती उघडली. याजकांनी आतील सर्व अशुद्ध वस्तू अंगणात आणून टाकल्या आणि लेव्यांनी, म्हणजे याजकांच्या हाताखालील मंदिरसेवकांनी, त्या उचलून किद्रोन ओढ्यापर्यंत नेल्या. आठ दिवस अंगणापासून देवडीपर्यंत पोहोचण्यात गेले आणि आणखी आठ दिवस मंदिराच्या आत. सोळाव्या दिवशी काम संपले. इतिहासकार जाता जाता एक गोष्ट नमूद करतो, जी आपण पाळकांनी आणि पंचांनी लक्षात ठेवावी: स्वतःला शुद्ध करण्यात याजकांपेक्षा लेवी अधिक तत्पर निघाले, म्हणजे ज्यांचा मान मोठा ते मागे राहिले आणि ज्यांच्याकडे कष्टाचे काम होते ते पुढे झाले. एवढी मोठी सुधारणा झाली. पण हिज्कीयाच्या मुलाने, मनश्शेने, त्याच मंदिरात परक्या देवांच्या वेद्या बांधल्या. मनश्शेचा मुलगा आमोन बापाच्याच वाटेने गेला. मग चौथ्या पिढीत हिज्कीयाचा पणतू योशीया याने मंदिराची दुरुस्ती काढली आणि त्या दुरुस्तीत नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. देवाचा शब्द हरवला होता तो देवाच्याच घरात. पणजोबांनी केलेली झाडलोट पणतवंडांना वारशाने मिळाली नाही. ती त्यांना पुन्हा करावी लागली. तुमच्या पणजोबांचा बाप्तिस्मा ज्या मंडळीत झाला तिच्यावर आज धूळ साचली आहे, याचा अर्थ त्यांचा विश्वास खोटा होता किंवा ती मंडळी देवाने टाकून दिली आहे, असा होत नाही. तुमच्या पिढीची पाळी आली आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पुढच्या इतिहासातही हेच दिसते. १५१७ साली मार्टिन ल्यूथर यांनी मांडलेल्या पंच्याण्णव विधानांपैकी पहिलेच असे सांगते की, प्रभूने 'पश्चात्ताप करा' म्हटले तेव्हा विश्वासणाऱ्याचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे असा त्याचा हेतू होता. त्यानंतर साडेचार शतकांनी, १९६४ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक मंडळीच्या वतीने मान्य केले की मंडळी पवित्र आहे आणि त्याच वेळी तिला सतत शुद्ध होत राहण्याची गरज आहे. ज्या दोन परंपरा इतकी शतके भांडल्या त्या या एका बाबतीत जवळ आल्या, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

मलाखी संदेष्टा म्हणतो की प्रभू रुपे गाळून शुद्ध करणाऱ्यासारखा बसेल आणि लेवीच्या वंशजांना शुद्ध करील. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको, कारण हुपरी आपल्या शेजारीच आहे. तिथे जुन्या पैंजणांची मोड येते, तेव्हा ती चांदी नसते असे कोणी म्हणत नाही. पण तिच्यात डाखाचा आणि इतर धातूंचा अंश मिसळलेला असतो, म्हणून नवा दागिना घडवण्यापूर्वी ती आटवून शुद्ध करावी लागते, आणि तो दागिना वापरून पुन्हा मोडीत आला की पुन्हा आटणी होते. मंडळीची मोड झाली आहे असे तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. ती टाकून देण्याची वस्तू आहे असे मात्र वाटून घेऊ नका.

म्हणूनच 'मेलेली मंडळी सोडून शुद्ध मंडळीत या' या आमंत्रणाकडे सावधपणे पाहावे असे मला वाटते. हा प्रश्न नवा नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमी सम्राट डायोक्लेशनच्या छळात काही मंडळीप्रमुखांनी भीतीपोटी पवित्र शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेतील डोनाटस यांच्या अनुयायांनी अशांच्या संगतीत राहणाऱ्या मंडळीला मंडळी मानण्यास नकार दिला आणि आपली वेगळी शुद्ध मंडळी मांडली. त्यांची चीड समजण्यासारखी होती. त्यांच्यात खरोखर शूर माणसे होती. पण तिथलेच बिशप ऑगस्टिन यांनी त्यांना दिलेले उत्तर आजही खरे आहे: जाळ्यात चांगले आणि वाईट मासे एकत्र येतात, त्यांची निवड किनाऱ्यावर, म्हणजे युगाच्या शेवटी, होणार आहे, आणि प्रभुभोजनाचे मोल ते देणाऱ्या माणसाच्या पावित्र्यावर अवलंबून नसून ज्याने ते नेमून दिले त्याच्यावर अवलंबून आहे. (पुढे याच वादात ऑगस्टिन यांनी राजसत्तेच्या बळाचा वापर मान्य केला; ते मला मुळीच पटत नाही.) तुम्हाला बोलावणाऱ्या फेलोशिपमध्येही आज ना उद्या हिशेब येईल, हॉलचे भाडे येईल, कोणाला पुढे बसवायचे हा प्रश्न येईल, आणि तिथेही माणसेच असतील.

याचा अर्थ नव्या प्रयत्नांना तुच्छ लेखावे असा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी मिशनची नोकरी सोडून १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे येशूचे शिष्य यावेत असे त्यांना वाटत होते. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले. पगारी सेवक आणि परकी पद्धत यांच्या ओझ्याखाली मराठी मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहत नाही, ही त्यांची तळमळ होती. तिचे उत्तर आपण अजून पूर्णपणे दिलेले नाही. त्या फेलोशिपच्या लोकांबरोबर प्रार्थना करायला माझी काहीच हरकत नाही. आपली जागा सोडून जाणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

मंडळी कधी सोडावी, हेही सांगतो. जिथे येशू ख्रिस्ताऐवजी दुसऱ्याच कोणाची सुवार्ता शिकवली जाते तिथे राहू नये. जिथे मुलांवर किंवा स्त्रियांवर अत्याचार होतो आणि तो दडपला जातो तिथे तर एक दिवसही गप्प राहू नये: पीडित व्यक्तीला आधी सुरक्षित करावे आणि पोलिसांकडे जावे. मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या, कायद्याने अशी माहिती कळवणे बंधनकारक केले आहे. 'हा मंडळीचा अंतर्गत प्रश्न आहे, क्षमा करून मिटवू' असे पाळकाने सांगितले तरी ऐकू नये. आपसांतली भांडणे बाहेरच्या न्यायालयात नेऊ नयेत असे पौलाने करिंथकरांना जे लिहिले ते अशा गुन्ह्यांना लावणे म्हणजे वचनाचा गैरवापर आहे.

इथे मी तुमच्या सासूबाईंच्या म्हणण्याकडे येतो. त्यांचे वय आणि त्यांनी सोसलेले दिवस पाहता त्यांची भीती मला कळते. लहान समाजाला चारी बाजूंनी बोटे दाखवली जातात, तेव्हा घरातले घरात ठेवावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण शास्त्राने आपली मूठ कधी झाकली नाही. दाविदाचे पाप, पेत्राचे नाकारणे, करिंथच्या मंडळीतील व्यभिचार आणि प्रभुभोजनाच्या वेळी भरल्यापोटी बसलेले श्रीमंत व उपाशी राहिलेले गरीब, हे सारे लिहून ठेवलेले आहे आणि दोन हजार वर्षे जगभर मोठ्याने वाचले जात आहे. न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो असे पेत्राने लिहिले, तेही छळ सोसत असलेल्या मंडळ्यांना. 'सध्या बाहेरून त्रास आहे, आतले नंतर पाहू' असे तो म्हणाला नाही. तेव्हा बोलायचे की नाही हा प्रश्न सुटलेला आहे. कोणापुढे आणि कसे बोलायचे, इतकेच ठरवायचे आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम तुम्हाला ठाऊक आहे: आधी एकट्याने त्या व्यक्तीकडे, मग एक-दोन साक्षीदारांसह, मग मंडळीपुढे. व्हॉट्सअॅपचा गट या क्रमात कुठेही बसत नाही. तिथे ना ती व्यक्ती समोर असते, ना साक्षीदार जबाबदार असतात, ना मंडळी म्हणून कोणी जमलेले असते. सासूबाईंना सांगा की चव्हाट्यावर तुम्ही जाणार नाही, आणि मूठही झाकणार नाही.

आता हिशेबाविषयी, कारण पत्रातील सर्वांत ठोस गोष्ट तीच आहे आणि आपल्या मंडळ्यांमध्ये अध्यात्माच्या नावाखाली सर्वांत जास्त टाळली जाते तीही तीच. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या. १८७० साली हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने आपल्याकडे घेतले. पुढे दवाखाने, शाळा, वसतिगृहे आणि त्यांच्यासाठी घेतलेल्या जागा असा पसारा वाढला. ज्यांनी त्या जागा मिळवल्या त्यांना त्यांच्या बाजारभावाची कल्पनाही नव्हती. आज त्यांतल्या कितीतरी जागा शहराच्या भर वस्तीत आल्या आहेत आणि सेवेसाठी मिळालेली जमीन हीच कित्येक ठिकाणी भांडणाचे मूळ झाली आहे. अशा वेळी 'पैशाचे काय घेऊन बसलात, प्रार्थना करा' असे कोणी म्हणाले की मला योवाश राजाची आठवण होते. त्याच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी पैसे घेऊनही मंदिराची डागडुजी केली नव्हती. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेऊन तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली; पैसे साठले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे मिळून ते मोजत. एकाने मोजायचे नाही, ही पद्धत तेव्हाची आहे. पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली मदत एकट्याने नेली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेली आणखी माणसे पाठवली, आणि कारण स्पष्ट लिहिले की केवळ प्रभूपुढे नव्हे तर माणसांपुढेही जे चांगले ते आपण पाहतो. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे तुम्हाला कोणी ऐकवले तर त्यांना नम्रपणे करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय वाचायला सांगा.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. तुमच्या मंडळीची मिळकत नोंदणीकृत विश्वस्त संस्थेकडे असेल, तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे हिशेब ठेवणे आणि दरवर्षी ते तपासून घेणे ही विश्वस्तांची जबाबदारी आहे, आणि त्यांवर देखरेख धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची असते. तिथे धाव घेण्याची पायरी शेवटची असावी. ती पायरी आहे हे मात्र सर्वांना माहीत असावे. कोर्टातील दाव्याविषयी मी फार लिहीत नाही, कारण तो तुमच्या हातात नाही. तुमच्या ओळखीच्या दोन्हीकडच्या वडील मंडळींना 'मध्यस्थ नेमून मिटवता येईल का' एवढे एकदा विचारा आणि मग तो विषय त्यांच्यावर सोपवा.

जे तुमच्या हातात आहे ते तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबतो. दोन नाताळ झाले, जाऊबाईंशी बोलणे नाही. भगिनी, संपूर्ण पत्रात मला सर्वांत जास्त खुपलेले वाक्य हे आहे, कारण कमिटी, विश्वस्त, पाळकसाहेब, कोर्ट यांतले काहीच तुमच्या आणि तुमच्या जाऊबाईंच्या मध्ये उभे नाही. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले की वेदीपाशी अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. चूक कोणाची, हे त्या वचनात विचारलेले नाही. ज्याला आठवले त्याने जायचे आहे. तुम्हाला आठवले आहे, तुम्ही ते लिहिलेसुद्धा आहे. तेव्हा संजीवन सभेआधी त्यांच्या घरी जा. दोघींच्या ओळखीची तिसरी बाई घेऊन जाऊ नका, फोनवर उरकू नका. मिळकतीचा आणि निवडणुकीचा विषय काढायचा नाही असे मनाशी ठरवून जा, कारण तो निघाला की तुम्ही दोघी पुन्हा दोन गटांच्या प्रतिनिधी व्हाल. 'तुमच्याविषयी मी चारचौघांत जे बोलले ते बोलायला नको होते' असे काही बोलला असाल तर तेवढे सांगा आणि क्षमा मागा. न बोललेल्या गोष्टीची उगाच क्षमा मागू नका. त्यांनी दार उघडले नाही, किंवा चहा दिला आणि मन दिले नाही, तरी तुमचे जाणे वाया गेले असे समजू नका. समेट दोघींचा असतो, पुढाकार एकीचा असतो, आणि त्या पुढाकाराचीच आज्ञा तुम्हाला आहे.

मग महिलांची प्रार्थना चालवण्याच्या अधिकाराचा प्रश्न बराचसा सुटतो. तो अधिकार निष्कलंकपणातून येत नाही. येत असता तर दाविदाचे पश्चात्तापाचे एकावन्नावे स्तोत्र कोणालाच गाता आले नसते. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन झाले त्याच्या आधी पंडिता रमाबाईंनी मुलींना आणि स्त्रियांना रोज प्रार्थनेसाठी जमवायला सुरुवात केली होती, कित्येक महिने. जूनमध्ये जे घडले त्यात मुली आपल्या पापांसाठी रडल्या, त्यांनी ती कबूल केली. आणि नंतर त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता घेऊन गेल्या. आपल्या सभांमध्ये मधला भाग, म्हणजे रडणे, तेवढा राहिला आहे. आधीचे महिने आणि नंतरची गावे गळून पडली आहेत. अश्रूंना मी खोटे म्हणणार नाही. जक्कयाच्या घरी प्रभू गेला तेव्हा तो रडल्याचे लूक लिहीत नाही; ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देतो, असे त्याने म्हटल्याचे लिहितो.

प्रार्थनेत एक पथ्य पाळा. बायकांना सर्वांसमक्ष पापे बोलून दाखवायला भाग पाडू नका. ज्या पापाची झळ जितक्या लोकांना लागली तितक्यांपुढे ते कबूल करावे. एकीचे मन दुखावले असेल तर तिच्यापुढे, मंडळीचे नुकसान केले असेल तर मंडळीपुढे, आणि जे फक्त देवाला ठाऊक आहे ते देवापुढे. नाहीतर कबुलीची चर्चा दुसऱ्या दिवशी भाजी मंडईत होते आणि ती बाई पुन्हा कधी तोंड उघडत नाही. दुसऱ्या गटासाठी प्रार्थना करताना 'त्यांचे डोळे उघड' असे म्हणू नका. ती प्रार्थनेच्या वेषातली तक्रार असते. 'आमचे' म्हणा, आणि त्यात त्यांना धरा.

एक विषय तुम्ही लिहिला नाही, पण शुद्धीकरणाविषयी लिहिताना तो वगळणे मला शक्य नाही. आपल्या मंडळ्यांत लग्न जुळवताना, आणि कित्येकदा कमिटीची मते मोजतानाही, मूळची जात विचारली जाते. ज्या करवीरनगरीत १९०२ साली शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीच्या निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या नगरीत ख्रिस्ताच्या नावाने जमणाऱ्यांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडलेली जात लग्नाच्या बैठकीत पुन्हा अंगावर घ्यावी, याची मला फार वेदना होते. ख्रिस्तामध्ये यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही असे जे पौलाने गलतीकरांना लिहिले, ते आपल्या पूर्वजांनी जीव मुठीत धरून खरे मानले होते. तुमच्या मंडळीतील दोन गटांच्या मुळाशी हाही धागा असेल तर तो ओळखा, आणि तुमच्या मुलाच्या लग्नाची बोलणी सुरू होतील तेव्हा तुमच्या घरापुरता तो तोडा.

जुनी गीते की नवी, पेटी-तबला की कीबोर्ड, या वादात पडू नका. नवीकरण तिथे अडलेले नाही.

तुमच्या मुलाशी वाद घालू नका. तालमीत जास्त प्रामाणिकपणा आहे असे त्याला दिसले असेल तर ते खरेही असेल, आणि तसे असेल तर त्याने आपल्याला लाज वाटली पाहिजे. देवाने आपल्या लोकांना बाहेरच्यांकडून शिकवल्याची उदाहरणे शास्त्रात कमी नाहीत. चर्चला चल म्हणून त्याच्या मागे लागण्याऐवजी, तो जे ढोंग म्हणतो त्यातील एक गोष्ट तुम्ही सुधारताना त्याला पाहू द्या. काकूंच्या घरी जाऊन आलात तर त्याला सांगा, कसे झाले तेही खरे सांगा. आणि हिशेबाचा अर्ज लिहिताना त्याला शेजारी बसवा. तरुण मुले अशा कामात आपल्यापेक्षा नेटकी असतात, आणि मंडळी आपल्या आईची आहे तशी आपलीही आहे हे त्याला प्रवचनापेक्षा त्या कागदावरून अधिक समजेल.

अर्ज छोटा असावा. कोणावरही आरोप नको. गेल्या तीन वर्षांचे तपासलेले जमाखर्च येत्या वार्षिक सभेपुढे वाचावेत आणि इथून पुढे दर रविवारचे अर्पण दोन वेगवेगळ्या घरांतील सभासदांनी मिळून मोजून वहीत सह्या कराव्यात, एवढीच विनंती. सह्या शक्यतो दोन्ही गटांतील लोकांच्या घ्या. जाऊबाईंची मिळाली तर त्याहून चांगले काय. आधी पाळकसाहेबांना एकट्याने भेटून तो दाखवा, म्हणजे सभेत त्यांना तो अचानक ऐकावा लागणार नाही. मग चिटणीसांकडे लेखी देऊन पोच घ्या. वार्षिक सभेच्या किती दिवस आधी विषय द्यावा लागतो ते तुमच्या मंडळीच्या घटनेत लिहिलेले असेल, ते आधी पाहून घ्या. मसुदा पाठवलात तर मी वाचून कळवीन, आणि महिनाभरात उत्तर आले नाही तर पुढची पायरी कोणती घ्यावी याविषयी पुन्हा लिहा.